कांजिण्या आणि हंगामी ॲलर्जी एकदमच आल्या तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या धाकट्याला कांजिण्या आल्या तेव्हा त्याची परागकणांची ॲलर्जी ऐन भरात होती. नाक गळत होतं, डोळे लाल, शिंकांची लड लागली की सात-आठशिवाय थांबत नव्हती. मानेवर तीन पुटकुळ्या दिसल्या त्याही आम्ही ॲलर्जीच्याच खात्यावर टाकल्या, रोजची गोळी दिली आणि त्याला शाळेत पाठवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोळे उघडले. तेव्हापासून हंगाम आला की ओळखीपाळखीचे लोक मला तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. मी डॉक्टर नाही. ही माहिती वाचून डोस ठरवू नका. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय सांगायचं आणि काय विचारायचं ते सुचावं, एवढाच तिचा उपयोग.

अंगावर उठलंय ते पित्त आहे की कांजिण्या, कसं ओळखायचं?

पित्ताची गांधी एका जागी टिकत नाही. उठते, खाजते, पसरते, आणि साधारणपणे २४ तासांच्या आत माग न ठेवता जिरते. तोवर दुसरीकडे नवी उठलेली असते. कांजिणी जागा सोडत नाही, रूप बदलते. आधी लाल ठिपका, मग उंचवटा, मग पातळ सालीचा, पाण्याच्या थेंबासारखा फोड, मग तो गढूळ होतो आणि शेवटी खपली धरते. नवे फोड तीन-चार दिवस येतच राहतात. त्यामुळे एकाच पोटावर ठिपका, फोड आणि खपली शेजारी शेजारी दिसतात. ही सगळ्यात बोलकी खूण.

आमच्या डॉक्टरांनी बॉलपेन काढून मानेवरच्या तिन्ही पुटकुळ्यांभोवती गोल आखले आणि सांगितलं, "सकाळी बघा. तोवर घरातच ठेवा." सकाळी तिन्ही पुटकुळ्या आपापल्या गोलात तशाच होत्या, त्यातल्या एकीत पाणी भरलं होतं, आणि पोटावर-पाठीवर आणखी अकरा उठल्या होत्या. गांधी असत्या तर एव्हाना गोल रिकामे झाले असते. ही युक्ती कुणालाही घरी करता येते.

आणखी दोन ठिकाणी बघा : केसांत बोटं घालून टाळूवर, आणि टॉर्च मारून तोंडात. कांजिण्या तिथंही येतात. जेवताना पोर रडायला लागलं तर टाळ्याला किंवा गालाच्या आत फोड आहे का ते आधी तपासा.

फसगत होते ती लस घेतलेल्यांच्या बाबतीत. लस घेऊनही कांजिण्या आल्या तर त्या सौम्य असतात. बहुतेकदा पन्नासपेक्षा कमी पुटकुळ्या, ताप नाहीच किंवा जेमतेम, आणि पुष्कळदा पाणी भरतच नाही. दिसायला थेट किडा चावल्यासारख्या. ॲलर्जी असलेल्या मुलाच्या अंगावर अशा वीस-पंचवीस पुटकुळ्या दिसल्या तर कुणाच्याही मनात आधी ॲलर्जीच येणार. आमचंही तेच झालं होतं, आणि आमच्या पोराची तर लस राहूनच गेली होती.

अंगावर काही उठायच्या आधी कळतं का?

मोठ्या मुलांत आणि प्रौढांत एक-दोन दिवस आधी कणकण, डोकेदुखी, अंग मोडून येणं, भूक मरणं असं होतं. लहान मुलांत बऱ्याचदा थेट फोडच दिसतात. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा : परागकणांच्या ॲलर्जीनं ताप येत नाही. नाक गळतंय आणि थर्मामीटरही चढलाय, तर दुसरं काहीतरी चालू आहे.

दोन्ही एकाच वेळी येणं हा योगायोग म्हणायचा का?

अगदीच नाही. समशीतोष्ण हवामानात हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंतापर्यंत कांजिण्या जास्त आढळतात, आणि झाडांचे परागही त्याच सुमारास उडायला लागतात. एकामुळे दुसरं होतं असं मात्र नाही.

ॲलर्जी असली की कांजिण्या जास्त जोरात येतात का?

नुसत्या नाकाडोळ्यांच्या ॲलर्जीनं नाही. पण ॲलर्जीवाल्या माणसाला बरेचदा दमा किंवा इसबही असतं, आणि तिथं चित्र बदलतं. इसबाची त्वचा आधीच फाटलेली असते. तिथं फोड दाट येऊ शकतात आणि खाजवून जंतुसंसर्ग व्हायची भीती जास्त. दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या असतील, तर ती बाब सगळ्यात गंभीर. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

रोजची ॲलर्जीची गोळी चालू ठेवायची का?

सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन यांपैकी जे नेहमी चालू असेल ते कांजिण्यांमुळे बंद करायचं सहसा कारण नसतं. अडचण दुसरीच असते. कांजिण्यांच्या खाजेसाठी डॉक्टर अनेकदा आणखी एक खाजेचं औषध देतात, झोप आणणारं : क्लोरफेनिरामिन, हायड्रॉक्सिझिन, डायफेनहायड्रामिन यांपैकी एखादं. आपण आनंदानं दोन्ही देतो. दोन्ही अँटिहिस्टामिनच असतात, म्हणजे ॲलर्जीत शरीरात सुटणाऱ्या हिस्टामिन या रसायनाला अडवणारी, आणि मूल दिवसभर पेंगतं. मग ही गुंगी औषधाची की आजार डोक्यात शिरल्याची, हे कुणालाच धड सांगता येत नाही.

यात तिसरं भर घालतं ते सर्दीचं मिश्र औषध. बऱ्याच सर्दीच्या सिरपांत क्लोरफेनिरामिन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात. नाक गळतंय म्हणून ते दिलं आणि तापासाठी वेगळं पॅरासिटामॉलही दिलं, की दोन्ही औषधं दुप्पट झाली. बाटलीवरचं नाव वेगळं असतं, आतला मसाला तोच. बारीक अक्षरांतले घटक वाचायचा कंटाळा करू नका.

आम्ही एक कागद फ्रिजवर चिकटवला होता. रकाने तीनच : वेळ, औषधाचं नाव, कुणी दिलं. तिसरा रकाना फालतू वाटेल, पण "मी दिलंय" आणि "मीही दिलंय" हा संवाद आमच्या घरात पहिल्याच रात्री झाला होता.

एक खरी गोष्टही सांगून टाकते. अँटिहिस्टामिननं कांजिण्यांची खाज पित्ताच्या खाजेसारखी झटकन थांबत नाही, कारण ती निव्वळ हिस्टामिनची खाज नव्हे. झोप आणणाऱ्या औषधाचा खरा फायदा रात्री मूल झोपतं हाच. दोन वर्षांखालच्या बाळाला तर ही औषधं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊच नयेत.

नाकातला स्टिरॉइड स्प्रे आणि दम्याचा पंप?

पंप स्वतःच्या मनानं बंद करू नका. कांजिण्यांच्या दिवसांत दमा उसळला तर दोन्ही संकटं एकदम. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा नाकातला स्प्रे नेहमीच्या मात्रेत फारच थोडा रक्तात उतरतो, त्यामुळे तो बहुतेक वेळा चालू ठेवायला सांगतात. नाकाच्या आत फोड आला असेल किंवा रक्त येत असेल तर मात्र विचारून घ्या. आणि पंप किंवा स्प्रे चालू असल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा. विषाणूवरचं औषध द्यायचं की नाही हे ठरवताना त्यांना ते लागतं.

आणि स्टिरॉइडच्या गोळ्या?

हा प्रश्न लोक शेवटी, जाता जाता विचारतात. खरं तर पहिला विचारायला हवा.

ॲलर्जी किंवा दमा हाताबाहेर गेला की प्रेडनिसोलोनसारख्या गोळ्यांचा कोर्स देतात. या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात. मोठ्या मात्रेचा कोर्स चालू असताना किंवा नुकताच संपलेला असताना कांजिण्या झाल्या, तर विषाणू फुप्फुसं, यकृत, मेंदूपर्यंत पोचू शकतो. म्हणून असा माणूस कांजिण्यांच्या रुग्णाजवळ नुसता बसून आला असेल तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. फोड उठायची वाट बघायची नाही. संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत, गरजू रुग्णाला प्रतिपिंडांचं इंजेक्शन देता येतं. ती वेळ हातची घालवू नका. कोर्स गेल्या तीन महिन्यांत संपला असेल तरी सांगा.

दुसरी चूक उलट्या बाजूची. घाबरून गोळ्या एकदम थांबवणं. बरेच दिवस स्टिरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे अंगातलंच नैसर्गिक स्टिरॉइड, बनवायचं कमी करतं. अचानक गोळी तोडली तर रक्तदाब ढासळू शकतो. कमी करायची, चालू ठेवायची की बदलायची, हे डॉक्टरच ठरवतील.

घरात पडलेली स्टिरॉइडची मलमं फोडांवर लावू नका. इसबासाठी नेहमी लावत असाल तर फोड आलेल्या जागी लावायचं का, ते विचारा.

तापाला काय द्यायचं?

पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर ठेवून, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही.

ॲस्पिरिन मुलांना आणि किशोरवयीनांना अजिबात नाही. कांजिण्यांत ॲस्पिरिन दिल्यास राय सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा, क्वचित होणारा पण जीवघेणा आजार होऊ शकतो. आयबुप्रोफेनही टाळा, कांजिण्यांच्या काळात ते घेतलेल्यांमध्ये त्वचेचे गंभीर जंतुसंसर्ग आढळले आहेत. शिवाय काही दमेकऱ्यांना या गटातल्या वेदनाशामकांनीच दम लागतो.

ॲसायक्लोव्हिर (कांजिण्यांच्या विषाणूवरचं औषध) सगळ्यांना लागतं का?

नाही. बारा वर्षांच्या आतल्या, एरवी धडधाकट मुलाला बहुधा काहीच लागत नाही. पण बारा वर्षांपुढची मुलं, प्रौढ, जुनाट त्वचारोग किंवा फुप्फुसाचा आजार असलेले, आणि स्टिरॉइडचे पंप वा गोळ्या घेणारे यांच्या बाबतीत डॉक्टर ते देण्याचा विचार करतात. म्हणजे आपली ॲलर्जीवाली मंडळी या यादीत सहज बसू शकतात. पहिला फोड दिसल्यापासून २४ तासांच्या आत सुरू केलं तर फायदा सगळ्यात जास्त. म्हणूनच पहिला दिवस "ॲलर्जीच असेल" म्हणण्यात घालवणं महागात पडतं. हे औषध चालू असताना पाणी भरपूर प्यायचं, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधीच सांगायचं.

खाज कशी आवरायची?

अंघोळ घाला. कोमट पाणी, दहा-पंधरा मिनिटं, हवं तर त्यात औषध म्हणून मिळणारी ओट्सची बारीक पूड. घासायचं नाही, टॉवेल नुसता टेकवून टिपायचं. परागकणांच्या दिवसांत संध्याकाळची अंघोळ दुहेरी कामाची, कारण केसांत आणि पापण्यांवर बसलेला परागही निघून जातो. कॅलामाईन फोडांवर लावा, डोळ्यांजवळ आणि तोंडात नको. डायफेनहायड्रामिन असलेलं खाजेचं मलम मात्र फुटलेल्या फोडांवर फासू नका. ते त्वचेतून आत जातं, आणि वरून गोळीही चालू असेल तर विषबाधेपर्यंत वेळ येऊ शकते.

नखं रोज कापा, कानस मारा. झोपताना हातांत सुती मोजे. माझ्या पोरानं पहिल्या रात्री ते दातांनी काढून टाकले. दुसऱ्या रात्री आम्ही त्यांवर डोळे-तोंड काढून बाहुल्या केल्या, मग राहिले. उकाडा आणि घाम खाज पेटवतात, म्हणून सैल कपडे आणि गार खोली.

डोळे लाल आहेत, चोळतोय. ॲलर्जी की कांजिण्या?

दोन्ही डोळे सारखेच लाल, पाणी येतंय, खाज आहे पण दुखत नाही, हे वर्णन ॲलर्जीचं. एकच डोळा दुखतोय, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतंय, किंवा पापणीच्या कडेला वा पांढऱ्या भागावर फोड आहे, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. गेल्या हंगामातले उरलेले स्टिरॉइडचे थेंब आपल्या मनानं घालू नका. फोड खाजवलेल्या बोटांनी डोळा चोळणं हाच मोठा धोका, म्हणून चोळण्याऐवजी गार ओल्या कापडाची घडी डोळ्यांवर ठेवायची सवय लावा.

खिडकी उघडी ठेवायची की बंद?

कांजिण्या म्हणतात उघडी, ॲलर्जी म्हणते बंद! विषाणू हवेतून पसरतो, म्हणून खोलीत हवा खेळती हवी. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी पराग जास्त उडतात. तेव्हा बंद ठेवून, वारा पडला की उघडा. आजाऱ्याचे कपडे आणि चादरी बाहेर वाळत घालू नका. ओल्या कापडाला पराग चिकटतात आणि तेच रात्रभर फोडांना घासतात.

नाक चोंदलंय. वाफ, बाम चालेल?

मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब किंवा स्प्रे सगळ्यात निर्धोक. बाटली प्रत्येकाची वेगळी. वाफेनं अंग तापतं आणि खाज उसळते, शिवाय लहान मुलांना भाजण्याची भीती. बाम फोडांवर लागला की जबरदस्त झोंबतो. काही बामांत मिथाइल सॅलिसिलेट असतं, ते ॲस्पिरिनचंच भावंड, त्वचेतून आत जाणारं. म्हणून या दिवसांत मुलांना नकोच. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब चार-पाच दिवसांच्या वर वापरले तर नाक उलट जास्त चोंदतं, आणि लहान मुलांना ते विचारल्याशिवाय द्यायचे नसतात.

किती दिवस घरात राहायचं? शिंकांनी जास्त पसरतं का?

फोड येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळे फोड खपलीवर येईपर्यंत कांजिण्या पसरतात. खपली धरायला साधारण पाच ते सात दिवस लागतात. विषाणू श्वासातून आणि फोडातल्या पाण्यातून पसरत असल्यामुळे सारखं शिंकणारा रुग्ण शेजाऱ्यांना त्रासदायकच. रुमाल, मास्क, हात धुणं यांत कुचराई नको. संपर्कानंतर १० ते २१ दिवसांत फोड दिसू शकतात. आम्ही शाळेला कळवलं तेव्हा लाज वाटली, पण वर्गातल्या इतर घरांना निदान पुढचे तीन आठवडे कुठं लक्ष ठेवायचं ते कळलं.

घरात गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर?

गरोदर स्त्रीला पूर्वी कांजिण्या झाल्याचं किंवा लस घेतल्याचं आठवत नसेल तर तिनं लगेच तिच्या डॉक्टरांना कळवावं. तिला न्यूमोनियाचा धोका जास्त, आणि पहिल्या २० आठवड्यांत गर्भालाही इजा होऊ शकते. प्रसूतीच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत आईला फोड आले तर नवजात बाळाचा आजार फार गंभीर होऊ शकतो. अशा घरात रुग्णाची खोली वेगळी.

मोठ्या माणसाला झाल्या तर?

जास्त सोसावं लागतं. ताप चढा, फोड पुष्कळ, आणि न्यूमोनियाची भीती, सिगारेट ओढणाऱ्यांना तर विशेष. ॲलर्जीवाला माणूस खोकल्याला सरावलेला असतो, तिथंच घात होतो. फोड उठल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात नवा खोकला, छातीत दुखणं किंवा धाप लागली आणि नेहमीच्या पंपानं उतार पडत नाही, तर तो दमा धरून बसू नका.

ताबडतोब दवाखाना कधी गाठायचा?

श्वास लागणं. फोडाभोवतीची कातडी लाल, गरम, टणक, दुखरी होत पसरणं. ताप चार दिवसांच्या वर राहणं, किंवा उतरून पुन्हा चढणं. सारख्या उलट्या, मान आखडणं, बडबडणं, जागं होईनासं होणं, चालताना झोक जाणं. यांतलं शेवटचं फोड सुकत आल्यावरही होऊ शकतं. आणि ओठ-जीभ सुजून आवाज बसला तर ती कुठल्यातरी औषधाची वा अन्नाची तीव्र ॲलर्जी असू शकते. तिथं एक मिनिटही थांबायचं नाही. निघताना औषधांचा कागद बरोबर घ्या, आणि दवाखान्यात शिरायच्या आधी फोन करून कांजिण्यांचा रुग्ण येतोय हे सांगा.

ॲलर्जी असलेल्यांना कांजिण्यांची लस चालते का?

परागकण, धूळ, प्राणी यांची ॲलर्जी असली तरी चालते. अंड्याची असली तरीही. अडतं ते जिलेटिन किंवा निओमायसिनची जीवघेणी ॲलर्जी असेल तर, किंवा लसीच्या आधीच्या डोसानं तसा प्रकार घडला असेल तर. लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची आहे. जपानमध्ये मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७०च्या दशकात ती तयार केली. म्हणून गरोदरपणी आणि मोठ्या मात्रेत स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना ती देत नाहीत. सेटिरिझिनसारख्या गोळ्यांची आडकाठी नाही. दोन डोस लागतात. घरात एकाला कांजिण्या झाल्या आणि दुसऱ्याला लस नसेल, तर संपर्कानंतर तीन, फार तर पाच दिवसांत दिलेली लसही आजार टाळू शकते किंवा सौम्य करू शकते. आमच्या थोरलीला अशीच चौथ्या दिवशी दिली. तिला मागाहून सहा-सात पुटकुळ्या आल्या, तेवढंच.

ॲलर्जीची त्वचा-चाचणी ठरली होती, किंवा ॲलर्जीची इंजेक्शनं चालू आहेत. पुढं काय?

दोन्ही पुढं ढकला. ताप किंवा आजार अंगात असताना ती इंजेक्शनं सहसा देत नाहीत, आणि खंड पडल्यावर कधीकधी मात्रा एक-दोन पायऱ्या खाली आणून सुरू करावी लागते, म्हणून चुकलेल्या तारखा नीट सांगा. चाचणीसाठी हाताची किंवा पाठीची कातडी स्वच्छ लागते, शिवाय आधी काही दिवस अँटिहिस्टामिन बंद ठेवावं लागतं. फोड खाजत असताना ते कुणाला जमणार?

आमची चाचणी खपल्या पडून गेल्यावर, बऱ्याच दिवसांनी झाली. नर्सनं हातावर बॉलपेनानं खुणा करायला घेतल्या तशी पोरानं बाही खाली ओढली आणि विचारलं, "यांच्यातही पाणी भरणार?" भरलं नाही. दोन गांधी उठल्या, संध्याकाळपर्यंत जिरल्या, आणि हातावर नुसत्या पेनाच्या खुणा राहिल्या.